मालकाने स्वतः सोडला

सोमवार, ३

निवाऱ्यात आज पुन्हा बैठक. नव्या संचालकबाई आल्यापासून कुत्र्यांपेक्षा बैठका जास्त झाल्यात. पाच महिन्यांत एकदाही त्या फावडं घेऊन पिंजऱ्यात उतरलेल्या मी पाहिल्या नाहीत, पण भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आजची चिठ्ठी पिवळी होती. तिच्यावर लिहिलेलं, ‘जनावर आत घेणं हा शेवटचा उपाय.’

मी सव्वीस वर्षं दाखल खिडकीवर बसते. लोक जनावर आणतात, मी कागद भरते, जनावर आत जातं. म्हणजे सव्वीस वर्षं मी शेवटचा उपाय करत बसले होते म्हणायचं.

बाईंचं म्हणणं असं की निवारा म्हणजे गोदाम नव्हे. कुणी कुत्रं सोडायला आलं की त्याला आधी खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि विचारायचं, ‘हा तुमच्याकडेच राहावा म्हणून आम्ही काय करू शकतो?’ घरमालक कटकट करत असेल तर आपण घरमालकाशी बोलायचं. कुत्रं भुंकत असेल तर आपला माणूस घरी पाठवून त्याला शिकवायचं. आणि आता नवी योजना. माणूस दवाखान्यात पडला तर त्याचं जनावर आपण तीस दिवस फुकट सांभाळायचं आणि तो बरा झाला की परत द्यायचं. टाळ्या वाजल्या. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा वाजवल्या, ज्यांना नुसती नखं कापायची म्हटली तरी कपाळाला आठ्या पडतात. पिंजरे सांभाळणारे मामा तेवढे हाताची घडी घालून बसले होते.

शेवटी बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काकू, तुमची खिडकी म्हणजे आपला चेहरा आहे.” मला काकू म्हणतात. मी त्यांच्या कुठल्या काकाची बायको, देव जाणे.

चार महिन्यांनी मी निवृत्त होते. तेवढे दिवस दातओठ खात काढायचे.

बुधवार, ५

खिडकीवरची ‘दाखल’ ही पाटी काढून ‘मदत’ अशी लावली. रंग आकाशी. पाटी लावणाऱ्याला मी विचारलं, तुम्हाला काही मदत हवी का? तो बिचारा हो म्हणाला, मला शिडी धरावी लागली.

मदत म्हणे! खिडकीपुढचा माणूस खोटं बोलतो, हे मला पहिल्या वर्षीच कळलं. ‘बाळाला त्रास होतो’ म्हणतात, आणि बाळ अजून पोटात असतं. ‘परगावी बदली झाली’ म्हणणारा पुढच्याच महिन्यात नवं पिल्लू घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात दिसतो. आणि सगळ्यात मोठी जमात ‘माझा नाही हो’ म्हणणाऱ्यांची. रस्त्यात सापडला, शेजाऱ्याचा आहे, दारात कुणी बांधून गेलं. स्वतःचं कुत्रं टाकायची लाज वाटते, म्हणून परक्याचं म्हणून सांगायचं.

यात नुसत्या लाजेचा प्रश्न असता तर मी सोडून दिलं असतं. पण आपला नियम असा की जनावर परक्याचं असेल तर खरा मालक येईल म्हणून सात दिवस वाट पाहायची, तोवर ते कुणाला द्यायचं नाही. मालकाने स्वतः सोडलेलं असेल तर वाट कुणाची पाहायची? त्याच दिवशी दुसऱ्या घरी गेलं तरी चालतं. म्हणजे या लोकांच्या लाजेपायी एकेक पिंजरा आठवडाभर अडकून पडतो. म्हणून मी असल्यांना बरोब्बर पकडते. माणसाकडे बघायचंच नाही, जनावराकडे बघायचं. ते कुणाच्या पायाशी बसतं, कुणाच्या आवाजाला कान टवकारतं. एवढं सोपं आहे.

रात्री घरी जेवताना ताईला हे सांगितलं. ताई म्हणाली, “अगं, पण सगळेच कसे खोटं बोलतील?” तीस वर्षं शाळेत शिकवूनही ताईचा भाबडेपणा गेला नाही. पोरांनी किती बनवलं असेल तिला.

शुक्रवार, ७

आजचा नमुना लिहून ठेवलाच पाहिजे.

दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एक बाई आली. चाळिशीची, कपड्यांना दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. शिवणाच्या कारखान्यात काम करते म्हणाली. बरोबर सहाएक वर्षांचा तपकिरी कुत्रा, छातीवर पांढरा डाग, एक कान दुमडलेला. रुबाब असा की जणू मीच त्याच्याकडे अर्ज घेऊन गेलेय.

ती आल्या आल्या म्हणाली, “माझा नाही हो हा. शेजारच्या आजोबांचा आहे.”

मी मनात म्हटलं, या, या, तुमचीच वाट बघत होते.

“ते पडले. खुब्याचं हाड मोडलंय. आज ऑपरेशन आहे. मी दोन पाळ्या करते, हा दिवसभर एकटा रडतो, इमारतीतल्या लोकांनी डोकं उठवलंय. इथे महिनाभर ठेवून घेतात असं कुणीतरी सांगितलं.”

योजना जाहीर होऊन चार दिवस झाले नाहीत तोच बहाणा तयार! मी दवाखान्याचा कागद मागितला. नाही. आजोबांचा फोन? त्यांच्याकडे फोन आहे, पण तो घरात कुठे ठेवलाय ते सापडत नाही. वा. तेवढ्यात कुत्रा उठून दाराकडे निघाला. ती नुसतं म्हणाली, “साहेब, बसा.” आणि साहेब बसले! तिच्या पावलावर हनुवटी टेकून. तिनं न बघता खाली हात नेला आणि बरोबर त्या दुमडलेल्या कानामागे खाजवलं.

शेजाऱ्याचा म्हणे.

मी कागदावर ‘मालकाने स्वतः सोडला’ या चौकोनात खूण केली आणि कागद पुढे सरकवला. ती घड्याळाकडे बघत होती. सही करताना तिनं विचारलं, “महिनाभरच ना? ते आले की परत मिळेल ना?” मी म्हटलं, “सगळं कागदावर लिहिलेलं आहे.” ती “उपकार झाले तुमचे” म्हणाली, कुत्र्याच्या डोक्याचा मुका घेतला आणि डोळे पुसत पळाली.

या रडण्याचं मला काही वाटत नाही. टाकणारे बहुतेक रडतात. खोटं बोलल्यावर तर जास्तच.

शनिवार, ८

साहेब खात नाहीत. मामा म्हणाले, “याचं लक्षण सोडलेल्या कुत्र्याचं नाही. सोडलेलं कुत्रं कोपरा धरतं. हा दाराशी बसून राहिलाय, कुणीतरी यायचं असल्यासारखा.”

मी म्हटलं, “मामा, तुम्हीसुद्धा आता चिठ्ठ्या चिकटवायला लागा.” मामा बादली उचलून गेले. माणूस चांगला आहे पण साठी जवळ आली की जो तो हळवा होतो.

बाईंनी साहेबांचा फोटो काढून घेतला. फोटोखाली लिहायला चार ओळी हव्या होत्या. ‘शांत, समजूतदार, बसा म्हटलं की बसतो.’ हे मीच सांगितलं.

सोमवार, १०

साहेब गेले. फोटो पाहून एक जोडपं आलं, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलगी “बस” म्हणाली, साहेब ढिम्म. मी म्हटलं, “त्याला अहोजाहो करावं लागतं.” मुलगी “बसा” म्हणाली, साहेब बसले. घरातले सगळे खूश. मीच त्यांचा दत्तक कागद भरला. तीन दिवसांत पिंजरा मोकळा! बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. माझ्या पद्धतीने केलेल्या कामाचं कौतुक त्यांनी केलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बुधवार, १९

आज सकाळी खिडकी उघडली तर बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे. दोन्ही हातांनी काठीवर भार टाकलेला. काखेत दवाखान्याची फाईल, गळ्यात कुत्र्याचा पट्टा. पट्टा विसरू नये म्हणून गळ्यात घालून आले होते.

“आमचे साहेब इथे आहेत,” म्हणाले. “काल घरी सोडलं मला. शेजारची आमची पोर म्हणाली, रविवारी माझ्या सुट्टीला जाऊ. म्हटलं, रविवारपर्यंत कोण थांबतंय.”

मी सवयीने कागद काढला आणि खिडकीतून दाखवला. म्हटलं, “कुत्रा मालकाने स्वतः सोडला होता. दत्तक गेला.”

“मालक मी आहे.”

“इथे सही आहे.”

त्यांनी चष्मा लावला. कागद वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग सहीवर बोट ठेवून म्हणाले, “हिनं लिहून दिलं? की हा तिचा आहे आणि तिला नको आहे?” मी म्हटलं, “सही त्यांचीच आहे.” जे होतं तेच मी सांगितलं. एक शब्द खोटा बोलले नाही.

बसायला खुर्ची देऊ का विचारलं तर नको म्हणाले. एकदा बसलो की उठता येत नाही. पायऱ्या उतरायला त्यांना मामांनी हात दिला.

माझी चूक कशी? कागद नाही, फोन नाही. दुसरी कुणी असती तर तिनंही हेच केलं असतं. कारखान्यातली बाई शिकली-सवरली आहे, वाचायला येतं, मग वाचून सही करायला काय झालं होतं?

गुरुवार, २०

ती आली. सुट्टी टाकून आली होती. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. मी तयारीतच होते. पण ती हळू बोलली, त्यानेच मला जास्त चीड आली.

“मी तुम्हाला विचारलं होतं, महिनाभरच ना. तुम्ही म्हणालात, कागदावर लिहिलंय.”

“मग वाचायचं होतं.”

“तुम्ही इथे बसलेल्या, म्हणून वाचलं नाही.”

मग म्हणाली की आजोबांनी काल आल्यापासून दार लावून घेतलंय. सकाळ-संध्याकाळ त्यांचा डबा तीच करते. रात्रीचा डबा सकाळी तसाच दाराबाहेर होता, सकाळचाही तसाच. आतून एवढंच म्हणाले, “तुला जड झाला होता तर मला सांगायचं होतंस पोरी. मी दुसरी सोय केली असती.”

“त्यांना बाकी कुणी नाही,” ती म्हणाली. “गोळ्या जेवणावर घ्यायच्यात.”

मी विचारलं, तुमचा नाही तर मग तो तुमचं ऐकत कसा होता? राहवेना म्हणून विचारलं.

“आजोबांचे गुडघे गेल्यापासून सकाळी फिरवायला मीच नेते. पाच वर्षं झाली.” मग म्हणाली, “तसा थोडा माझाही आहे तो.”

बघा! म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. हे मी तिथल्या तिथे तिला म्हणणार होते, पण ती निघून गेली.

शुक्रवार, २१

बाईंनी बोलावलं. समोर दोन्ही कागद, दाखल आणि दत्तक. मुलीच्या घरी त्यांनी फोन केला होता. ते लोक कुत्रा परत द्यायला तयार नाहीत, आणि कागद त्यांच्या बाजूने आहे. एकच वाट आहे. दाखल करतानाच निवाऱ्याकडून चूक झाली असं दाखल कागद भरणाऱ्याने लेखी दिलं, तर दत्तक कागद आपोआप रद्द होतो.

“त्या बाई म्हणतात, हा शेजाऱ्यांचा आहे असं त्यांनी आल्याबरोबर सांगितलं होतं. तुम्हाला काय आठवतं, काकू?”

मी म्हटलं, “त्यांनी तसं काही सांगितलं नाही.”

“नक्की?”

“सव्वीस वर्षं बसते मी तिथे.”

बाईंनी मान डोलावली आणि कागद मिटले. विश्वास ठेवला माझ्यावर. बावळट आहे ती बाई. एवढ्या सहज कुणी विश्वास ठेवतं का?

शनिवार, २२

सुट्टी. कपाट आवरलं. दोनदा आवरलं. ताई म्हणाली, कपाटाने तुझं काय घोडं मारलंय?

मग ही वही काढून ७ तारीख वाचली. ‘तिनं विचारलं, महिनाभरच ना?’ माझंच अक्षर. आणि त्याच्या आधी तिचं पहिलंच वाक्य, ‘माझा नाही हो हा.’ मीच लिहून ठेवलंय, ‘नमुना’ म्हणून. वाचताना मला त्या बाईची नाही, लिहिणारीचीच किळस आली. किती खुशीत लिहिलंय मेलीने.

पान फाडावं असं मनात आलं. फाडायला धरलंसुद्धा. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली, म्हणून तिला सगळं सांगून टाकलं. सांगताना मी म्हटलं, चार महिने राहिलेत ताई, त्या काल आलेल्या संचालकबाईसमोर मान खाली घालायची का मी? आणि आता चूक झाली एवढंच नाही, काल खोटंही बोलले, तेही लिहून द्यावं लागेल.

ताई नेहमीसारखी समजूत घालेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “तो म्हातारा जेवला का गं?”

मला कुठे माहीत.

“तीन दिवस झाले,” ताई म्हणाली आणि उठून गेली.

सोमवार, २४

दिलं लिहून. सकाळी खिडकी उघडायच्या आधी. एका पानात बसलं. ‘आणणाऱ्या बाईंनी कुत्रा शेजाऱ्यांचा असल्याचे व मालक दवाखान्यात असल्याचे स्पष्ट सांगितले होते. मी विश्वास ठेवला नाही. शुक्रवारी मी आपल्याला खोटे सांगितले.’ ‘गैरसमजातून’ असा शब्द आधी घातला होता, मग खोडला. गैरसमज कसला, मी समजून घ्यायलाच बसले नव्हते.

बाईंनी वाचलं. मी छाती पुढे काढून उभी होते, बोलून घ्या म्हटलं काय ते. त्या नुसतं “बसा” म्हणाल्या आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. खुर्ची, पाणी. पिवळ्या चिठ्ठीवरचे सगळे सोपस्कार माझ्यावर! ओरडली असती तर मला निदान तिचा राग करता आला असता.

पुढचं समिती ठरवेल म्हणाल्या. खिडकीवर या आठवड्यात मी बसायचं, पण शेजारी त्या बसणार. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी मी त्या इमारतीत गेले. आजोबांनी दार उघडलं नाही. मी दाराबाहेरूनच सांगितलं, “तुमच्या शेजारणीने तुमचा कुत्रा सोडला नव्हता. तिनं खरं सांगितलं होतं, चुकीचं मी लिहिलं.” मग पुन्हा मोठ्याने सांगितलं. वरच्या मजल्यावरची दोन माणसं जिन्यात येऊन उभी राहिली, त्यांनीही ऐकलं. तेव्हा आतून काठी वाजली. दार उघडलं, पण माझ्यासाठी नाही. आजोबा माझ्या अंगावरून पलीकडे बघत शेजारच्या दाराशी गेले आणि काठीने ते ठोठावलं. ते उघडलं, दोघं आत गेली. मी जिन्यात उभी होते ती घरी आले.

बुधवार, २६

मुलीची आई साहेबांना घेऊन आली. मुलगी गाडीतून उतरलीच नाही. आईने दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “तुम्हीच दिला होतात ना? तुम्हीच म्हणालात, तीन दिवसांत रुळेल. सोळा दिवस माझी पोर त्याच्याशेजारी गादी टाकून झोपली. तिला आता काय सांगू?”

मी म्हटलं, “सांगा, खिडकीवरच्या बाईने चूक केली.”

“तिला काय करायचंय तुमच्या चुकीचं?” असं म्हणून ती गेली.

साहेबांनी गाडी वळेपर्यंत पाहिलं आणि मग दाराशी जाऊन बसले. मी “चला” म्हटलं तर हलले नाहीत. मामा येऊन घेऊन गेले.

गुरुवार, २७

दोघं आली. आजोबा एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरून. मामांनी साहेबांना बाहेर आणलं. मला वाटलं होतं उड्या मारेल, भुंकेल. त्याने आधी काठी हुंगली. मग आजोबांचा बूट. मग त्या बुटावर सगळं अंग टाकून बसला आणि त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघायला लागला, तो थांबेचना. आजोबांना वाकता येत नव्हतं. तिनं वाकून कुत्र्याचे पुढचे पाय उचलले आणि त्यांच्या कमरेशी धरले, तेव्हा कुठे त्यांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचला. मी खिडकीच्या आत होते. मला रडू आलं. टाकणारे रडतात असं मी म्हणत आले, मी तर काही टाकलंही नव्हतं.

मग कागद. जनावर परत नेताना मालकाची सही लागते, आणि आणून देणाऱ्याचीही. आजोबांनी सही केली. मी कागद तिच्यापुढे सरकवला आणि ताईबरोबर घरी घोकून आले होते ते म्हटलं, “चूक माझी होती. तुम्ही खरं बोलला होतात.”

ती “हं” म्हणाली.

मग तिनं कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. ओळीखाली बोट धरून. मागे चौघांची रांग होती, एकाच्या हातात सशाचा खोका, तो घसा खाकरत होता. ती थांबली नाही. एक बाजू झाली, तिनं कागद उलटला, दुसरी वाचली. छापलेल्या बारीक अक्षरातलंसुद्धा वाचलं.

“यात दुसरं काही नाही ना?”

“नाही,” मी म्हटलं. “परत मिळाल्याचा कागद आहे. बाकी काही नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली नाही. मग तिनं कागद माझ्या हाताला लागू न देता शेजारी बसलेल्या नव्या बाईंकडे सरकवला.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही जरा वाचून सांगता का, काय लिहिलंय ते?”

बाईंनी सगळा कागद मोठ्याने वाचला, माझ्याकडे न बघता. शेवटी म्हणाल्या, “बरोबर आहे.”

तेव्हा तिनं सही केली.